आईला खरं सांगू की नको?

"मॅडम, आईसमोर फक्त तो शब्द काढू नका. तिला अल्सर आहे असंच सांगितलंय आम्ही."

कॅन्सरच्या पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. माझ्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी विनंती हीच. कधी मुलगा करतो, कधी सून, कधी नवरा. त्यातली एक हकीकत त्या घरच्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा काढून सांगते.

मुलगा हायस्कूलात संस्कृत शिकवणारा. आई सत्तरीच्या आतबाहेरची, जठराचा कॅन्सर, केमो सुरू झालेली. त्याने फाइलला वहीला घालतात तसं खाकी कव्हर घातलं होतं, का तर वर छापलेलं नाव आईला दिसू नये. कडा अगदी नीट दुमडलेल्या. त्या कव्हरकडे बघून मला त्याचा राग आला नाही. किती रात्री हा माणूस एकटा जागा असेल, असंच वाटलं.

त्याच्याकडे आधारही तयार होता. "सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्, न ब्रूयात् सत्यमप्रियम्. अप्रिय सत्य बोलू नये, असं आपल्याकडे सांगितलंच आहे ना?"

मनुस्मृतीतलं बरंच काही मला मान्य नाही, पण हा श्लोक मी पुष्कळदा ऐकलाय, आणि जवळजवळ दर वेळी अर्धाच. मी त्यांना म्हटलं, "सर, पुढची ओळ म्हणा."

ते थांबले. मग हळूच म्हणाले, "प्रियं च नानृतं ब्रूयात्." गोड लागतं म्हणून खोटंही बोलू नये.

तरी त्यांनी हार मानली नाही. महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक काढला. सत्यवचनाचं व्रत घेतलेला तपस्वी. लुटारूंच्या भीतीने रानात लपलेल्या माणसांचा पत्ता त्याने लुटारूंना खरा सांगितला, ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो. खरं बोलूनही अधर्म होतो, हा सरांचा मुद्दा, आणि तो खराच आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या यमांत, म्हणजे वागण्यातल्या संयमांत, अहिंसा पहिली आणि सत्य दुसरं. त्या सूत्रांवरची जुनी टीका, व्यासभाष्य, तर बजावतंच, 'परीक्ष्य सर्वभूतहितं सत्यं ब्रूयात्', म्हणजे हित पारखून मग खरं बोलावं.

मी एवढंच विचारलं, "कौशिकाने ज्यांना सांगितलं त्यांचा त्या माहितीवर काय हक्क होता? आणि हा आजार कोणाचा आहे? तुमच्या आईचं हित तुम्ही कशावरून पारखलंत? त्यांना कधी विचारलंत?"

विचारलं नव्हतं. घरोघरी नेमकं हेच राहून जातं. सांगायचं की लपवायचं यावर भावंडांत भांडणं होतात, डॉक्टरांना गळ घातली जाते, आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललंय तिला कोणी विचारत नाही की बाई, तुला किती जाणून घ्यायचंय. काहींना खरोखरच नको असतं. एका आजोबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "जे काही असेल ते मुलीला सांगा, मला विठ्ठलावर सोडा." त्यांना आम्ही एक शब्द सांगितला नाही, आणि ते बरोबरच होतं.

सरांशी मी ठरवून घेतलं. मी आपणहून काही बोलणार नाही, पण आईंनी थेट विचारलं तर खोटं सांगणार नाही. सर तयार झाले, पण हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी सरांच्या आई आल्या. डोक्याला सुती रुमाल, पिशवीत ज्ञानेश्वरी. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय झालंय असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी मुलाला चहा आणायला पाठवलं. दार लागल्यावर म्हणाल्या, "फाइलला कव्हर घातलंय त्याने. पण दवाखान्याच्या पाटीला कुठे घातलंय? चौथीपर्यंत शिकलेय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याला सोसणार नाही, बाई. वडील गेले तेव्हा दहावीत होता. रडला नाही तेव्हा."

दोन महिने दोघं एकमेकांना जपत एकटे पडले होते. मी पिशवीकडे बोट केलं. तेराव्या अध्यायात ज्ञानोबा अहिंसा समजावताना बोलण्याबद्दल सांगतात, ती ओवी त्यांना पाठ होती. 'साच आणि मवाळ । मितुले आणि रसाळ । शब्द जैसे कल्लोळ । अमृताचे ॥' खरं आणि मऊ बोलणं ज्ञानोबांनी अहिंसेतच बसवलंय, हे मला फार मोलाचं वाटतं. मवाळ कसं बोलायचं हेच आम्ही घरच्यांना शिकवतो. आधी त्यांना काय ठाऊक आहे ते विचारा, मग थोडं सांगा, मग गप्प बसा. पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या.

सर चहा घेऊन आले. मावशींनीच सुरुवात केली. "कॅन्सर आहे ना रे?"

"हो, आई."

चहा तसाच निवला. सर खूप रडले, आणि मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता ऐक. माझ्या ट्रंकेत बोरमाळ आहे, ती माझी नाही. गावी शेजारणीने नवऱ्याच्या भीतीने माझ्याकडे ठेवलीय. मी न सांगता गेले असते तर तुम्ही ती माझीच समजून वाटून घेतली असती. मला तिच्या हातात द्यायचीय."

सरांना हे काहीच माहीत नव्हतं. पुढच्या केमोच्या आधी, डॉक्टरांना विचारून, ते आईला गाडीने गावी घेऊन गेले. शेजारणीच्या दाराशी मावशींनी त्यांना गाडीतच बसायला सांगितलं आणि बोरमाळ पदराखाली धरून एकट्या आत गेल्या.