कपात थांबत नाही, वरच्यांच्या शब्दावर भरवसा उरत नाही : वाचकांचे प्रश्न

टाटा समूहातील आयटी कंपनी टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हापासून कपातीचा विषय पुण्याच्या हिंजवडी-खराडी या आयटी भागांत घरोघरी निघतो. पण एकदाच होऊन संपणाऱ्या कपातीपेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येणारी कपात माणसाला जास्त पोखरते. या वेळचे चारही प्रश्न तिच्याभोवतीच फिरतात. उत्तरे कामगार कायदा आणि मनुष्यबळ व्यवस्थापन या दोन्ही क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. मार्चपासून तीन वेळा कपात झाली आणि आमची बारा जणांची टीम आठवर आली. प्रत्येक टाऊन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, ‘ही शेवटची’ असं सांगितलं गेलं. आता मुलं मलाच विचारतात, ‘मॅडम, पुढचं नाव कोणाचं?’ मला खरंच माहीत नाही. वरून निरोप एवढाच, की टीमचं मनोबल सांभाळा. काय करू? — टीम लीड, पुणे

उत्तर : सगळ्यात आधी, ‘तुम्ही सगळे सेफ आहात’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ‘ही शेवटची’ हे तीनदा खोटे ठरले आहे. आता तुमचा शब्दही त्याच पंगतीत जाऊन बसला, तर टीमकडे विश्वास ठेवायला कोणीच उरणार नाही.

वरिष्ठांना चार प्रश्नांची एक मेल पाठवा. आणखी कपात ठरली आहे का? निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल? निवड कोणत्या निकषावर होणार : प्रोजेक्ट, बेंच (प्रोजेक्टविना बसून असणे), रेटिंग की पगाराची पातळी? जाणाऱ्यांना काय मिळणार? चारांपैकी दोनांची उत्तरे आली तरी पुष्कळ झाले. मग आठवड्यातला एक दिवस आणि वेळ ठरवून पंधरा मिनिटे टीमला द्या. काय कळले, काय कळले नाही आणि पुन्हा कधी विचारणार, एवढेच सांगा. सांगण्यासारखे काही नसेल त्या आठवड्यातही ही बैठक रद्द करू नका. ‘आज मीटिंग नाही’ याचा अर्थ त्या काळात ‘आज यादी आली’ असाच लावला जातो.

निवडीसाठी टीमची क्रमवारी तुमच्याकडून मागवली गेली असेल, तर ‘मला काहीच माहीत नव्हतं’ असे म्हणू नका. ते आज ना उद्या बाहेर येतेच. ‘यादीबद्दल बोलायची मला मुभा नाही’ हे ऐकायला कडू लागते, पण ते खरे आहे आणि माणसे ते पचवतात.

मनोबलाचा खरा प्रश्न कामाच्या ओझ्यात आहे. बारा जणांचे काम आठ जणांवर टाकून पिझ्झा मागवल्याने कोणाला बरे वाटत नाही. ऑन-कॉल ड्यूटी (कामाच्या वेळेबाहेरही बिघाडासाठी हजर राहण्याची पाळी) आठवड्याची असेल, तर आधी बारा आठवड्यांनी येणारी पाळी आता आठव्या आठवड्याला येते, आणि त्यात एकाने राजीनामा दिला की सातव्या. टीमच्या सगळ्या कामांची यादी करून त्यातला निदान चौथा हिस्सा खोडण्याचा प्रस्ताव लेखी पाठवा : कोणता रिपोर्ट कोणी वाचत नाही, कोणते रिलीज महिनाभर पुढे ढकलता येईल, कोणत्या बैठकीला सगळ्यांची गरज नाही. काय करायचे नाही हे वरून लेखी येईपर्यंत लोक सगळेच करत राहतात आणि मग एकदम कोसळतात.

दोन लक्षणांवर नजर ठेवा. एक, लोक डॉक्युमेंटेशन लिहायचे थांबतात. ‘हे फक्त मलाच येतं’ हीच आपली ढाल, असे त्यांना वाटू लागते. यावर रागावून उपयोग नाही. प्रत्येक महत्त्वाच्या मॉड्यूलवर दोघांची जोडी लावा आणि शिकवणाऱ्याचे नाव मूल्यमापनात लेखी येईल अशी व्यवस्था करा. दुसरे लक्षण जास्त घातक आहे : चुका आणि उशीर लपवले जातात, कारण वाईट बातमी आणणारा यादीत जाईल अशी भीती असते. आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक कामापुढे ‘सगळे ठीक’चा हिरवा रंगच दिसत असेल, तर ती शांतता समजू नका. पहिली चूक कबूल करणाऱ्याशी तुम्ही कसे वागता, त्यावर पुढच्या दहा चुका कळणार की नाही हे ठरते.

मुले मुलाखतीसाठी सुट्टी घेतील. घेऊ द्या. जे गेले त्यांची नावे काढायला बंदी करू नका. त्यांना लिंक्डइनवर शिफारस लिहून द्या, संदर्भासाठी तुमचा नंबर द्या. राहिलेले लोक ‘आपल्याशी असंच वागतील का’ हे गेलेल्यांकडे पाहूनच ठरवतात.

प्रश्न : माझ्या सहकाऱ्याला एचआरने खोलीत बोलावून अर्ध्या तासात राजीनामा टाइप करायला लावला. ‘नाहीतर टर्मिनेट करू, रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही’ अशी धमकी दिली. उद्या माझ्यावर तीच वेळ आली तर? नोकरीला सात वर्षे आठ महिने झाली. मूळ पगार ५२ हजार. पदनाम ‘असिस्टंट मॅनेजर’, काम मात्र कोडिंगचंच. — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : त्या खोलीत राजीनामा लिहू नका. आवाज न चढवता एवढेच म्हणा : ‘तुमचा प्रस्ताव मला मेलवर द्या, मी दोन दिवसांत लेखी उत्तर देतो.’ घाई कंपनीला असते, तुम्हाला नाही. राजीनामा हातात आला की कागदावर तुम्ही स्वखुशीने गेलेले असता आणि कपातीचे कायदेशीर हक्क तुमच्यापासून सुटतात.

ते हक्क असे. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची, तर एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची आठ वर्षे. याखेरीज पुनर्कौशल्य निधीतून पंधरा दिवसांचे वेतन ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे असते.

‘पण मी तर मॅनेजर’ या विचाराने बरेच जण हे सगळे सोडून देतात. पदनामावर काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय यावर ठरते. तांत्रिक काम करणारा ‘कामगार’च्या व्याख्येत बसतो. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा बसत नाही, आणि महिना १८ हजारांवर वेतन घेणारा पर्यवेक्षकही बसत नाही. तुमचा दिवस कोडिंगमध्ये जात असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. इतरांच्या रजा मंजूर करणे आणि रेटिंग देणे हेच मुख्य काम असेल, तर नियुक्तिपत्रातल्या अटी हाच आधार.

ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षे झाल्यावर राजीनाम्यानेही बुडत नाही. हिशोब असा : ५२,००० भागिले २६ म्हणजे २,०००. त्याला १५ दिवसांनी गुणले की ३०,०००, आणि आठ वर्षांचे २,४०,००० रुपये. ज्यांचा मूळ पगार एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी ठेवला आहे, त्यांनी ‘वेतना’ची नवी कायदेशीर व्याख्या पाहावी. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो आणि ग्रॅच्युइटी वाढते. शेवटचे वेतन, मग कपात असो वा राजीनामा, दोन कामाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ ही जुनी सवय वेतनाच्या रकमेला लागू पडत नाही.

दबावाखाली सही झालीच, तर त्याच दिवशी स्वतःच्या खासगी ईमेलवरून एचआरला लिहा : कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत, कोण हजर होते, काय सांगितले गेले, आणि हा राजीनामा माझ्या इच्छेने नाही. ऑफिसचा मेल तासाभरात बंद होऊ शकतो. तीन आठवड्यांनी लिहिलेल्या पत्राचे वजन निम्मेही राहत नाही. पुढचा टप्पा म्हणजे अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटासाठी अर्ज. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते. समेटासाठी जायला नोकरी गेल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

आजच्या आज काही कामे करून ठेवा. नियुक्तिपत्र, पगारवाढीची पत्रे, वर्षभराच्या पगारपावत्या, फॉर्म १६ आणि रेटिंगची पत्रे घरी ठेवा. कंपनीचा कोड, क्लायंटची फाइल किंवा अंतर्गत मेल मात्र खासगी खात्यावर पाठवू नका. तेच गैरवर्तन म्हणून पुढे केले जाते आणि भरपाईचा मुद्दा बाजूला पडतो. पीएफच्या यूएएनला (खातेक्रमांकाला) कंपनीचे सिम जोडलेले असेल तर स्वतःचा नंबर टाका. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः भरता येते. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. घरात आई-वडिलांचे उपचार चालू असतील, तर त्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करा. तसे केले की आधी भोगलेला प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांच्या दाव्यासाठी थांबावे लागते तो काळ) वाया जात नाही.

राजीनाम्याच्या बदल्यात कंपनी चार-सहा महिन्यांचा पगार देत असेल, तर तो कधीकधी घेण्यासारखाही असतो. वरच्या रकमांची बेरीज करा, शेजारी प्रस्ताव ठेवा आणि मग ठरवा.

प्रश्न : साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, ‘तुझं नाव यादीत नाही, निश्चिंत राहा.’ दुसरीकडची ऑफर हातात आहे, पगार थोडा कमी. थांबू का? — नाशिक

उत्तर : साहेब खोटे बोलत नसतील, पण यादी बहुधा त्यांच्या वरच्या मजल्यावर तयार होते आणि पुढच्या यादीत त्यांचेच नाव असू शकते. त्यांना एकच विचारा : पुढचे सहा महिने मी कोणत्या प्रोजेक्टवर आहे आणि त्याचे बिलिंग (क्लायंटकडून येणारे पैसे) कोणत्या तारखेपर्यंत मंजूर आहे? तारीख मिळाली तर विचार करा. नुसते ‘निश्चिंत राहा’ मिळाले, तर ऑफर सोडू नका.

प्रश्न : चाकणमध्ये आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. २४० कायम कामगार. ऑर्डर घटल्याने ३० जण कमी करावे लागणार. मालकांचं म्हणणं, एकदम गाजावाजा नको, दर महिन्याला सहा-सात जणांना नारळ देऊ. मी एचआर पाहतो. मला हे पटत नाही, पण मुद्दा कसा मांडू? — चाकण

उत्तर : तुमचे बरोबर आहे. दरमहा सहा-सात म्हणजे पाच महिने प्रत्येक पगाराच्या दिवशी २४० माणसे धास्तावलेली. त्या काळात गैरहजेरी आणि रिजेक्शन (सदोष म्हणून बाद होणारा माल) वाढते, आणि ज्यांना बाहेर सहज काम मिळते ते टूलरूमचे, सीएनसी सेटिंगचे कुशल हात आधी निघून जातात. तुम्हाला ज्यांना ठेवायचे होते तेच जातात.

मालकांना एक जुना प्रयोग सांगा. अमेरिकन संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९०मध्ये एका कंपनीच्या तीन कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली होती. एका ठिकाणी कंपनीच्या अध्यक्षांनी दीड तास बसून आकडे दाखवले, कारणे सांगितली, प्रश्न घेतले. दुसरीकडे पंधरा मिनिटांत बैठक उरकली. कपात दोन्हीकडे तेवढीच होती, पण दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या बऱ्याच जास्त वाढल्या आणि जास्त लोक सोडून गेले.

कारखान्यात ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. तुम्हाला ती लागणार नाही, पण नोटीस, भरपाई आणि सरकारला कळवणे चुकत नाही. विभागवार ज्येष्ठता यादी निदान सात दिवस आधी सूचनाफलकावर लावा. त्या-त्या वर्गात शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडायचा असेल तर कारण लेखी नोंदवा. सुपरवायझरचा नावडता माणूस मध्येच घुसवला, तर सगळी प्रक्रिया संशयात सापडते आणि न्यायाधिकरणातही तिथेच अडकते. यादी लावण्याआधी ओव्हरटाइम पूर्ण बंद करा. एका शेडमध्ये ओव्हरटाइम आणि शेजारच्या शेडमध्ये कपात, हे कोणत्याही खुलाशाने पटवता येत नाही.

घोषणा मंगळवारी किंवा बुधवारी, पाळी सुरू होताना करा. शनिवारी संध्याकाळी नको, कारण मग रविवारभर व्हॉट्सअ‍ॅपच बोलत राहते. सुपरवायझरना तासभर आधी सांगा. मालकांनी स्वतः उभे राहावे, मागच्या चार तिमाहींच्या ऑर्डरचे आकडे मराठीत फलकावर लावावेत, स्वतःचा किती पगार कमी केला तेही सांगावे. तीसही जणांशी त्याच दिवशी समोरासमोर बोला, आणि भरपाईचा हिशोब छापलेला कागद हातात द्या. युनियन असेल तर तिला ही बातमी गेटवर कळता कामा नये.

‘यापुढे कपात होणार नाही’ असे वचन देऊ नका. ‘ऑर्डर अमुक आकड्याच्या खाली गेल्या तरच पुन्हा विचार करू, आणि हा आकडा दर महिन्याच्या पाच तारखेला फलकावर लागेल’ असे सांगा, आणि पाच तारीख एकदाही चुकवू नका. वर्षभरात त्याच कामासाठी भरती निघाली, तर कमी केलेल्यांना आधी बोलावणे कायद्याने आवश्यक आहे. म्हणून त्या तीस जणांचे पत्ते आणि मोबाइल नंबर आताच रजिस्टरला नोंदवून घ्या.