बदलीच्या कलमात ‘भविष्यातील’ हा शब्द आहे का?

प्रश्न : मी एका इंजिनिअरिंग कंपनीत २००८ पासून गुणवत्ता तपासणीचे काम करतो, सेवा सतरा वर्षे आठ महिने झाली आहे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहे. कंपनीने २०२२ मध्ये दुसऱ्या राज्यात नवा कारखाना सुरू केला असून आता आमचा विभाग तिकडे हलवत आहे. आम्हाला एक फॉर्म देण्यात आला आहे : तेथे रुजू व्हा, नाहीतर सर्व मिळून ९ लाख रुपये घेऊन ‘स्वेच्छेने’ सेवामुक्त व्हा. पत्नीची नोकरी आणि मुलीची दहावी यांमुळे जाणे अवघड आहे. साहेबांनी विचारल्यावर मी ‘बहुधा जमेल, विचार करून कळवतो’ असा ई-मेल पाठवला. नियुक्तीपत्र सापडत नाही. जावे की पैसे घ्यावेत?

उत्तर : अशा आशयाची पत्रे गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे बरीच आली आणि जवळजवळ प्रत्येकात ‘नियुक्तीपत्र सापडत नाही’ हे वाक्य शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच कागदात आहे. पत्नीची नोकरी आणि मुलीची दहावी यांचा विचार तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकता, त्यात मी पडत नाही. मला त्या पत्रातील एकच कलम हवे आहे, ते म्हणजे बदलीचे.

बहुतेक नियुक्तीपत्रांत ‘कंपनीच्या कोणत्याही विभागात अथवा शाखेत आपली बदली करता येईल’ असे वाक्य असते. ते वाचून कामगार खचतो आणि व्यवस्थापन निर्धास्त होते. दोघेही घाई करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये कुंदन शुगर मिल्सच्या प्रकरणात हाच मुद्दा तपासला होता. तेथील कामगार अमरोहा येथील मिलमध्ये लागले, तेव्हा मालकांची तेवढी एकच मिल होती. पुढे त्याच मालकांनी बुलंदशहर येथे दुसरी मिल सुरू करून काही कामगारांना तेथे जाण्याचा आदेश दिला आणि ते गेले नाहीत म्हणून त्यांना कामावरून काढले. नियुक्तीच्या वेळी अस्तित्वातच नसलेल्या उद्योगात बदली करण्याचा मालकाला उपजत अधिकार नाही, तसा अधिकार सेवेच्या करारात स्पष्टपणे किंवा अध्याहृत असावा लागतो, असे न्यायालयाने ठरवले. तुमची नियुक्ती २००८ ची आणि कारखाना २०२२ चा, म्हणून कलमात ‘सध्याच्या अथवा भविष्यातील’ असे शब्द आहेत की नाहीत, यावर तुमची बाजू उभी राहते किंवा पडते.

येथे एक अडचण मला आत्ताच दिसते. तुम्ही पगारवाढीच्या पत्रांवर वेळोवेळी सह्या केल्या असणार. ‘सुधारित सेवाशर्ती मान्य’ असे छापलेल्या अशा पत्रांच्या मागच्या पानावर बदलीचे कलम हळूच रुंद करून घेण्याची पद्धत आहे आणि वाढलेला आकडा पाहून पान न उलटणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. तसे झाले असेल तर २००८ च्या पत्रातील मोघम शब्दांचा तुम्हाला फारसा उपयोग होणार नाही. कंपनीचे प्रमाणित स्थायी आदेश (म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने मंजूर केलेले सेवानियम) आणि संघटनेबरोबरचा करार, असल्यास, तोही याच दृष्टीने वाचावा लागेल.

‘भविष्यातील’ हा शब्द किंवा त्या अर्थाचे वाक्य निघाले, तर बदली नाकारणे हे गैरवर्तन ठरवता येते आणि निव्वळ गैरसोयीच्या कारणावरून न्यायालय बदलीच्या आदेशात सहसा हात घालत नाही. अशा स्थितीत कंपनी देऊ करत असलेली जादा रक्कम तुमच्या हक्काची नसून तिच्या मर्जीची आहे, आणि जायचे नसेल तर ती घेणे शहाणपणाचे. तसे शब्द नसतील तर फॉर्ममध्ये न छापलेला तिसरा मार्ग खुला होतो : नवी जागा नम्रपणे नाकारणे आणि राजीनामाही न देणे. मग तुम्हाला दूर करण्याची जबाबदारी कंपनीवर येते व तिला कायद्याने ठरवलेली किंमत मोजावी लागते. विभाग हलवण्याला ‘कपात’, म्हणजे कामगार कमी करणे, म्हणायचे की ‘उद्योग बंद करणे’, यावर वाद होऊ शकतो, परंतु भरपाईचा दर सर्वसाधारणपणे दोन्हींकडे तोच आहे.

तो दर असा : सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, आणि सहा महिन्यांहून अधिक असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये तो होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तोच आहे. तुमची सेवा अठरा वर्षे धरली तर २६,००० च्या हिशेबाने भरपाई २,३४,००० रुपये होते. काही भत्ते वेतनात मोजले गेल्यास ती वाढेल. ग्रॅच्युइटी वेगळी. ती महिन्याचे २६ दिवस धरून काढतात, म्हणजे दर वर्षाला १५,००० प्रमाणे २,७०,००० रुपये. एक महिन्याच्या नोटिशीचे २६,००० मिळवले की बेरीज ५,३०,००० होते. रजेचा पगार मी धरलेलाच नाही. तुम्हाला ९ लाख हे नोकरी सोडण्याचे मोल वाटत आहे, पण ‘सर्व मिळून’ या दोन शब्दांमुळे खरी सानुग्रह रक्कम फार तर ३,७०,००० उरते. बाकीची तिसऱ्या मार्गानेही मिळाली असती. त्यातही ग्रॅच्युइटी तर राजीनामा दिला तरी पाच वर्षांच्या सेवेनंतर द्यावीच लागते. ती ‘पॅकेज’मध्ये घालून आकडा फुगवणे मला तरी सभ्य वाटत नाही.

याच कारणाने फॉर्ममधील ‘स्वेच्छेने’ हा शब्द निरुपद्रवी समजू नका. स्वेच्छानिवृत्ती कपातीच्या व्याख्येतून वगळलेली आहे, त्यामुळे त्या शब्दाखाली सही केली की कपातीच्या भरपाईची मागणी मुळातच लंगडी पडते. असा अर्ज कंपनीने स्वीकारण्यापूर्वी साधारणतः मागे घेता येतो. परंतु बँक ऑफ इंडियाच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००२ च्या निकालात, ज्यांनी योजनेचे पैसे उचलले होते त्यांना माघार घेऊ दिली गेली नाही. ‘आधी पैसे घेतो, मग भांडतो’ हा सल्ला कारखान्याच्या फाटकावर सर्रास मिळतो. तो ऐकू नका.

वरील सर्व ‘कामगार’ या व्याख्येत तुम्ही बसता असे धरून लिहिले आहे. स्वतः मोजमाप घेऊन माल तपासत असाल तर बहुधा बसता, पदनाम काहीही असो. हाताखालच्या माणसांवर देखरेख हेच मुख्य काम असेल तर पगाराच्या मर्यादेमुळे बाहेर पडण्याची शक्यता मोठी आहे. कामाचे खरे स्वरूप दाखवणारे तपासणी अहवाल, ज्यांवर तुमची सही आहे, जपून ठेवा.

आता मुदतीबद्दल. बदलीचा लेखी आदेश आला आणि तो दुष्ट हेतूने, धोरणाच्या आडून काढला आहे असे दाखवता येत असेल, तर अनुचित कामगार प्रथांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाखाली ९० दिवसांत तक्रार करावी लागते. उशिराची तक्रार सबळ कारण असल्यास घेतली जाते खरी, परंतु ‘साहेबांशी बोलणी चालू होती’ हे कारण मी अनेकदा मांडून पाहिले आहे आणि त्याचे काय होते हे मला ठाऊक आहे. नव्या संहितेनंतर कोणत्या मंचाकडे जायचे, हा वाद कंपनीचे वकील घालतीलच. त्यासाठी वाट पाहू नका. अंतिम निकालाला अनेक वर्षे लागतात. अंतरिम स्थगिती पहिल्या काही आठवड्यांत मिळाली तर मिळाली, नाहीतर घरी बसून लढणाऱ्याचा पगार थांबलेलाच राहतो. स्थगिती न मिळाल्यास निषेध लेखी नोंदवून तात्पुरते रुजू होणे आणि तक्रार चालू ठेवणे, हा कमी नुकसानीचा मार्ग ठरतो.

तुमचा तो ई-मेल मात्र आजच दुरुस्त करायला हवा. ‘बहुधा जमेल’ म्हणजे संमती नव्हे, तरी उद्या तो तसाच वाचून दाखवला जाईल. ‘माझ्या पूर्वीच्या ई-मेलमध्ये संमती दिलेली नाही, सेवाशर्तींची प्रत मिळाल्यावर निर्णय कळवीन’ एवढे दोन ओळींत पाठवा. शेवटी जायचेच ठरले, तर नवा कारखाना याच कंपनीच्या नावावर आहे की वेगळ्या कंपनीच्या, हे पाहून घ्या. वेगळी कंपनी असेल तर ती बदली नसून मालक बदलणे आहे, त्याला तुमची संमती लागते, आणि सलग सेवेची लेखी हमी घेतल्याशिवाय ती देऊ नये; अन्यथा अठरा वर्षांचा हिशेब तेथे पहिल्या दिवसापासून सुरू होईल.

मनुष्यबळ विभागाकडे एक अर्ज द्या. त्यात नियुक्तीपत्राची व त्यानंतर सही केलेल्या प्रत्येक पत्राची प्रत मागा, तसेच ९ लाखांची बाबवार फोड मागा. उत्तर येईपर्यंत फॉर्मवर सही करू नये, मग तो भरण्याची शेवटची तारीख कितीही जवळ असो. अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. ती नाकारली तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवून पावती जपून ठेवा.