वाचकांचे प्रश्न : वीज गेली की प्रिंटर सापडत नाही

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात तीन संगणकांवर डेबियन लिनक्स आहे आणि वाय-फायने राउटरला जोडलेला एक लेझर प्रिंटर आहे. प्रिंटरचा आयपी पत्ता (जाळ्यातील त्याचा क्रमांक) टाकून व ‘जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट’ हा ड्रायव्हर (संगणकाचे काम प्रिंटरच्या भाषेत मांडणारा प्रोग्रॅम) निवडून आम्ही तो बसवला, तेव्हा अर्जाऐवजी अगम्य चिन्हांनी भरलेली पानेच्या पाने बाहेर आली. ड्रायव्हर बदलल्यावर छपाई सुरळीत झाली. परंतु वीज जाऊन आली की ‘प्रिंटर प्रतिसाद देत नाही’ असा संदेश येतो आणि कामे रांगेत अडकून पडतात. काय करावे?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत आणि दोन्हींत प्रिंटर निर्दोष आहे.

आधी चिन्हांच्या पानांविषयी. त्यांपैकी पहिले पान जपून ठेवले असेल तर त्याची पहिली ओळ पाहावी. ती टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि त्यापुढे ‘पीएस-अ‍ॅडोबी’ अशी सुरू होत असेल, तर संगणकाने पानाचे वर्णन पोस्टस्क्रिप्ट भाषेत पाठवले आणि ती भाषा न येणाऱ्या प्रिंटरने तो आदेशच साधा मजकूर समजून छापला, असे निश्चित समजावे. कमी किमतीच्या बऱ्याच लेझर प्रिंटरांना पोस्टस्क्रिप्ट येत नाही, म्हणून ‘जेनेरिक’ या नावावर विसंबून ड्रायव्हर निवडू नये.

आता विजेचा प्रश्न. राउटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो, पण तो कायमचा नसतो. बरेच घरगुती राउटर कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंद केवळ चालू स्मृतीत ठेवतात. वीज गेली की ती पुसली जाते आणि वीज आल्यावर जो आधी मागेल त्याला आधीचा क्रमांक मिळू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर काम पाठवत राहतो. तेथे आता कोणी नसते, किंवा क्वचित एखाद्या वाचकाचा मोबाइल असतो.

लिनक्सवर छपाईचे काम कप्स ही प्रणाली पाहते. तिची पहिली आवृत्ती १९९९ साली आली, अ‍ॅपलच्या मॅक संगणकांमध्येही तीच वापरली जाते आणि २००७ साली अ‍ॅपलने तिचा मूळ संकेत (सोर्स कोड) विकतही घेतला. त्यामुळे ही एखादी हौशी, अर्धवट सोय आहे, अशी शंका मनात ठेवू नये. ब्राउझरमध्ये इंग्रजीत ‘लोकलहोस्ट’ लिहून अपूर्णविरामापुढे पोर्ट क्रमांक ६३१ दिला (localhost:631) की तिचे व्यवस्थापन-पान उघडते. बदल करताना वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड विचारला जाईल. तो वापरकर्ता ‘एलपीअ‍ॅडमिन’ या गटात असावा लागतो, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही पान आपल्याला परत पाठवते आणि माणूस उगाच पासवर्डवर संशय घेत बसतो.

जुनी रांग, म्हणजे कप्समधील त्या प्रिंटरची नोंद, काढून टाकावी व ‘अ‍ॅड प्रिंटर’ निवडावे. या वेळी पत्ता हाताने न टाकता, नेटवर्कवर सापडलेल्या प्रिंटरांच्या यादीतून आपला प्रिंटर निवडावा. अशी रांग आयपी पत्त्याऐवजी प्रिंटरच्या नावाशी जोडली जाते आणि पत्ता बदलला तरी नावावरून तो शोधता येतो. मॉडेलच्या यादीत ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ दिसल्यास तेच घ्यावे, कारण मग प्रिंटरला काय कळते, तो कोणता कागद घेतो, हे संगणक त्यालाच विचारतो व कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कोणतेही खास अ‍ॅप न बसवता मोबाइलवरून थेट छपाई होत असेल, तर ही सोय प्रिंटरमध्ये बहुधा आहे असे धरावे.

प्रिंटर यादीत दिसलाच नाही, तर संगणक व प्रिंटर एकाच जाळ्यात आहेत का ते तपासावे. प्रिंटर राउटरच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल तर तो इंटरनेटपर्यंत पोहोचतो, पण शेजारच्या संगणकाला दिसत नाही. संगणकावर अवाही ही नेटवर्कवरील यंत्रे नावाने शोधणारी सेवा चालू हवी आणि फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) असल्यास या शोधाला लागणारे यूडीपी प्रकारचे ५३५३ हे पोर्ट मोकळे हवे. याखेरीज राउटरच्या पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला नेटवर्क-क्रमांक; मॅक संगणकाशी त्याचा संबंध नाही) नोंदवून त्याचा आयपी पत्ता कायम करून टाकावा. मॅक पत्ता प्रिंटरने छापलेल्या संरचना-पानावर मिळतो. मला विचाराल तर हे काम नावाने रांग बसवली तरी करावेच, कारण नावाने शोधण्याची व्यवस्था प्रत्येक राउटरवर सारखीच भरवशाची नसते.

चाचणी-पान छापण्यापूर्वी मूळ कागदाचे माप ए-फोर आहे ना, ते पाहावे. ते अमेरिकी ‘लेटर’ राहिले असेल तर ट्रे भरलेला असूनही प्रिंटर कागद मागत दिवा लुकलुकवत बसतो आणि आपण पुन्हा नेटवर्कमध्ये दोष शोधू लागतो.

आणखी एक सूचना. प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या ‘कप्स-ब्राउज्ड’ या सेवेत सप्टेंबर २०२४ मध्ये गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड झाल्या होत्या. तेव्हा तिन्ही संगणक अद्ययावत करावेत आणि ६३१ हे पोर्ट इंटरनेटच्या बाजूने कदापि उघडू नये.

प्रश्न : फक्त यूएसबी असलेला कॅननचा एलबीपी २९०० इतर लिनक्स संगणकांना वापरता येईल काय?

उत्तर : येईल, पण तो ज्या संगणकाला जोडलेला आहे तो चालू असेपर्यंतच. हा प्रिंटर कॅननची ‘कॅप्ट’ ही स्वतःची भाषा बोलतो, त्यामुळे तिचा ड्रायव्हर त्या एका संगणकावर बसवावा, कप्समध्ये त्या रांगेपुढील ‘शेअर’ची खूण करावी आणि इतरांनी ती रांग नेटवर्क प्रिंटर म्हणूनच जोडावी.