अपीलला पंधरा दिवस नाहीत दादा, चौदाच आहेत

पुण्यातल्या एका मेसवाल्या दादांचा मेसेज आलाय. एफडीएची (अन्न व औषध प्रशासन) सुधारणा नोटीस आली, म्हणजे मुदतीत त्रुटी दूर करा असं सांगणारी; आचारी आणि वाढप्यांची मेडिकल सर्टिफिकेट नाहीत, पाण्याचा रिपोर्ट नाही, मोरीची जाळी तुटलीय पण घरमालक हात लावू देत नाही. नोटीस वाढप्याने सही करून घेतली आणि ती गल्ल्यात पडून राहिली, आज अकरावा दिवस, अपीलला पंधरा दिवस असतात ना? असे मेसेज सारखे येतात आणि नोटीस दरवेळी गल्ल्यातच सापडते, खरंच राग येतो.

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006, कलम 32 बघा. लायसन सस्पेंड किंवा रद्द झालं तर आदेश मिळाल्यापासून पंधरा दिवस, ते बरोबर. पण सुधारणा नोटिशीच्या अपीलला पंधरा दिवस किंवा नोटिशीत लिहिलेली मुदत, यातलं जे आधी संपेल ते. तुमच्या नोटिशीत 14 दिवस लिहिलेत, त्याहून कमी मुदत कायद्याने देताच येत नाही, म्हणून अनेक नोटिशींत हाच आकडा असतो आणि लोक पंधराव्या दिवशी धावत येतात. "वाढप्याने घेतली, मला कळलंच नाही" यावर मी तरी विसंबून राहणार नाही.

माझं मत विचाराल तर अपील करूच नका. दोन मुद्दे खरेच आहेत, आणि अपील ऐकणाऱ्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी ते फेटाळलं तर तो निर्णय अंतिम असतो. उरलेल्या तीन दिवसांत कामं उरका. जाळीसाठी घरमालकाशी भांडत बसू नका, त्याच कलमात सांगितलेली उपाययोजना "किंवा किमान तेवढीच परिणामकारक दुसरी" चालते, वरून बसणारी पक्की जाळी लावा, फोटो काढा. पाण्याचा रिपोर्ट वेळेत येईलच असं नाही, पण नमुना लॅबला दिल्याची पावती जोडा आणि मुदतवाढीचा अर्ज लेखी द्या, मिळेल की नाही ते अधिकाऱ्यावर आहे. एफडीएचे साहेब तोंडी "करा निवांत" म्हणाले, त्याला कागदावर किंमत शून्य. सगळ्याची पोच घ्या, तारीख-शिक्क्यासकट.

आणि ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेची सर्टिफिकेट घेऊ का, हे परत विचारू नका. आत्ता फक्त नोटीस आहे, ते केलंत तर खोट्या कागदाचा वेगळा गुन्हा. वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस हे नियमात उगाच नाहीये, टायफॉइडचे जंतू अंगात असलेला माणूस वरून ठणठणीत दिसू शकतो आणि तुमच्याकडे शंभर पोरं रोज दोन वेळ जेवतात.

मेसेजच्या शेवटी सहज लिहिलंय की पोळ्या लाटणाऱ्या मुलाला दोन दिवस जुलाब होतायत. त्याला आजच किचनमधून बाहेर काढा, डॉक्टरकडे न्या आणि पगार कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.