मोलपाशी गाडी अडली

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. रसायनशास्त्रात ‘मोल’ आला आणि सगळं डोक्यावरून जायला लागलं. सूत्र पाठ आहे, गणित सुटत नाही. वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात आहेत, क्लासची फी परवडणार नाही. काय करू, मॅडम?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : क्लासचं राहू दे बाजूला. अगं, चटणीसाठी शेंगदाणे आणतेस ते मोजून आणतेस का? किलोवर आणतेस. अणू तर दिसतही नाहीत, म्हणून तेही तोलूनच मोजायचे. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके कण. एवढंच.

आता वडिलांना कॉस्टिक सोड्याबद्दल विचार. सूत रंगवताना तो बऱ्याचदा लागतो. त्याचं सूत्र NaOH नुसतं पाठ करू नकोस, अणुभारांची बेरीज कर : सोडियम २३, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १. झाले ४०. म्हणजे ४० ग्रॅम कॉस्टिक हा एक मोल. तो उदासीन करायला, म्हणजे त्याचा क्षारपणा घालवायला, हायड्रोक्लोरिक आम्ल ३६.५ ग्रॅम पुरतं. वजनं वेगळी, पण कण दोन्हीकडे तितकेच! हे मला स्वतःला बारावीत उमगलं, तोवर मीही घोकतच होते. (कॉस्टिकला हात मात्र लावू नकोस, कातडी सोलून निघते.)

माध्यमाची भीती नको. वहीत इंग्रजी शब्दाशेजारी मराठी लिही. आज रात्री ८ ग्रॅम कॉस्टिकचे मोल काढ. ०.२ आलं, तर पुढचा धडा उघड.