कंबर मोजताना

पोरी, आशाताई म्हणून सीबॅकचा, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका तपासायचा फॉर्म भरताना बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर भरली, की "खाणं कमी कर" म्हणून मोकळी होऊ नको. दिवसभर वावरात निंदणाऱ्या बाईचंही पाळी गेल्यावर पोट सुटतं. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटलं की चरबी मांड्यांपेक्षा पोटावर साठू लागते. दुसरं कारण इन्सुलिन, रक्तातली साखर आवरणारं हार्मोन. घडीघडी गोड चहा झाला की ते चढतं, आणि चढलेलं असताना साठलेली चरबी फारशी सुटत नाही. लेप्टिन हे प्रथिन तर चरबीच्याच पेशी बनवतात. साठा पुरेसा आहे, हा निरोप ते मेंदूला देतं. लठ्ठपणात मेंदू तो नीट ऐकत नाही. (हे घरोघरी सांगत बसू नको, बाया कंटाळतात.) आधी चहातली साखर कमी करायला लाव. भाकरीसंगं वरण घट्ट असू दे, तेल मात्र मोजून.