मोठ्या बाईंचा डबा

"मॅडम, मी या खुर्चीच्या लायकीची नाही का हो?"

मी समुपदेशक आहे. मुख्याध्यापक माझ्याकडे आले की हा प्रश्न बहुधा पहिल्या तासाभरातच निघतो. कुणी सरळ विचारतं, कुणी 'बीपी वाढलंय', 'घरी फार चिडचिड होते' अशा आडवळणाने येतं. गेल्या वर्षी आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

तालुक्याच्या गावातली अनुदानित माध्यमिक शाळा. सव्वीस वर्षांची नोकरी, त्यातली चोवीस वर्षं वर्गावर. मग सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापकपद आलं आणि त्या 'मोठ्या बाई' झाल्या. वय एक्कावन्न. "शाळेच्या अलीकडे रसवंती आहे," त्या म्हणाल्या, "तिथे रोज स्कूटी थांबवते. दहा मिनिटं. हेल्मेट काढत नाही, म्हणजे रडलेलं कुणाला दिसत नाही."

अशा वेळी मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बीपी, आणि या वयात पाळी जाण्याच्या तक्रारी. नुसतं 'टेन्शन आहे' म्हणून बोलत बसायचं आणि खरं दुखणं रक्तात निघायचं, असं एकदा माझ्याकडून झालंय. दुसरं म्हणजे मरणाचे विचार येतात का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारते. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. बाई म्हणाल्या, "तसं नाही. पण छोटासा अपघात व्हावा आणि महिनाभर दवाखान्यात पडून राहावं, असं वाटतं." हे वाक्य हसण्यावारी नेऊ नये. त्यांच्या फोनमध्ये टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी तिथेच सेव्ह करायला लावला. रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.

मग ठरलं की पंधरा दिवसांतून एकदा तासभर भेटायचं. याला कोचिंग म्हणतात हे सांगितल्यावर त्यांना हसू आलं. आपल्याकडे कोचिंग म्हणजे दहावी-बारावीचे क्लास. इथे प्रकार उलटा असतो. मी शिकवत नाही, उत्तरं देत नाही. प्रश्न विचारते आणि दोन भेटींमध्ये करून बघायला काहीतरी देते. "संस्थेत कळेल का?" हे त्यांनी तीनदा विचारलं. फी संस्था भरत असली तरी आत काय बोललं गेलं ते संस्थेला सांगणार नाही, हे मी आधीच लेखी ठरवून घेते. बाई तर स्वतःच्या पैशाने आल्या होत्या.

पहिल्या दोन भेटींत माझी चूक झाली. त्या मोबाईलवर 'बर्नआउट' वाचून आल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून: शक्ती संपणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही गोष्टी बाईंना होत्या. वर कामाचा ढीग. यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, शालार्थवरची पगारबिलं, पोषण आहाराच्या नोंदी, आणि दर थोड्या वेळाने ग्रुपवर 'तातडीचे : माहिती आज दुपारी ३ पर्यंत सादर करावी'. तो ढीग त्यांनी माझ्यापुढे मांडला आणि मीही त्यालाच कवटाळून बसले. मेसेज दिवसातून ठरावीक तीन वेळाच बघा, माहिती भरायचं काम क्लार्क आणि दोन शिक्षकांत वाटून द्या, वगैरे. त्यांनी सगळं मन लावून केलं. ढीग जरा उतरला. रसवंतीपाशी स्कूटी थांबतच राहिली.

तिसऱ्या वेळी मी एक वही ठेवायला सांगितली. पोटात गोळा आला की वेळ लिहायची आणि त्याआधी काय झालं ते एका ओळीत. पंधरा दिवसांनी वही आली, समास आखलेली. बाई अखेर शिक्षिकाच. अकरा नोंदी होत्या. मला वाटलं होतं की शिक्षण कार्यालयाचे फोन, पालकांची भांडणं असं काही निघेल. सहा नोंदी मधल्या सुट्टीतल्या निघाल्या. 'घंटा झाली.' 'घंटा झाली.' 'स्टाफरूममध्ये हसण्याचा आवाज.'

"मधल्या सुट्टीत काय असतं?"

"काही नाही. डबा खाते."

"कुठे?"

"केबिनमध्ये."

"कुणाबरोबर?"

बाईंनी रुमालाची सुरळी केली, उलगडली, पुन्हा केली.

चौदा वर्षं त्यांचा डबा एका मैत्रिणीबरोबर होता. मैत्रीण नोकरीत नवीन लागली तेव्हापासून. मग शाळेचा पट घसरला. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरतं, आणि त्यात आधार जुळलेलीच मुलं धरली गेली. शाळेचं एक पद कमी झालं. मधली कित्येक वर्षं भरतीच न झाल्याने चौदा वर्षांची नोकरी झालेली मैत्रीणच सेवाज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात खाली होती. ती अतिरिक्त ठरली. समायोजनात, म्हणजे अतिरिक्त शिक्षकांना दुसरीकडे सामावून घेताना, तिला पस्तीस किलोमीटरवरची शाळा मिळाली. यादीवर सही मोठ्या बाईंची.

"तुमच्या हातात काय होतं?" हे त्यांना यजमानांनी सांगितलं होतं, क्लार्कने सांगितलं होतं, संस्थेच्या सचिवांनीही सांगितलं होतं. खरंच होतं ते. मीही तेच सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि तासाचे पैसे देऊन निघून गेल्या असत्या. मी विचारलं, "या सगळ्यात तुमच्या हातात असलेलं असं काय होतं?"

बराच वेळ गेला. बाहेर भाजीवाल्याची गाडी येऊन ओरडून गेली.

"पत्र मी शिपायाबरोबर पाठवलं," त्या म्हणाल्या. "ती शेजारच्याच वर्गात होती. वीस पावलं असतील. मी गेले नाही."

पद गेलं ते पटामुळे, नाव आलं ते नियमाने, पण ती वीस पावलं बाईंचीच होती. 'मी लायक नाही' असं त्या वर्षभर म्हणत होत्या, कारण तिन्हींचं ओझं एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं. गाठोडं सोडल्यावर त्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट लहान निघाली, आणि तिच्याबाबत अजून काही करता येण्यासारखं होतं. अपराधीपणाची भावना मी लगेच पुसायला जात नाही. ती कशाकडे बोट दाखवतेय ते आधी बघते.

यात एक गोष्ट मला नेहमी खटकते. समुपदेशक म्हणून मी दर महिन्याला माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे जाऊन बसते, अडलेल्या केसेस आणि स्वतःची झालेली घालमेल मांडते. आमच्या व्यवसायात ती रीतच आहे. शाळेच्या प्रमुखाला अशी जागा नसते. स्टाफला सांगावं तर उद्या चर्चा, संस्थेला सांगावं तर 'बाईंना झेपत नाही'. बढतीच्या दिवशी हारतुरे होतात, आणि स्टाफरूम सुटल्याचं मात्र कुणी बोलत नाही. आपण आत गेलो की हसणं थांबतं, याचं दुःख पन्नाशीच्या माणसाने कुणाला सांगायचं?

पुढच्या दोन भेटींत आम्ही मैत्रिणीशी बोलायचा सराव केला. समोर रिकामी खुर्ची. पहिल्या खेपेला बाईंनी दहा मिनिटं संचमान्यता समजावून सांगितली. मी म्हटलं, तिला नियम तुमच्याइतकेच पाठ आहेत. दुसऱ्या खेपेला पाच मिनिटं. शेवटी दोन वाक्यं उरली: "मी स्वतः यायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही." माफी मिळेलच असं मी अजिबात सांगितलं नाही. दार लावून घेतलं तर काय कराल, याचाही सराव केला.

जोडीला त्यांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट केली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आजूबाजूच्या शाळांतले आणखी दोन मुख्याध्यापक त्यांच्या घरी पोह्यांना येऊ लागले. पहिला अर्धा तास परिपत्रकांचा विषय काढायचा नाही, एवढा एकच नियम. पहिल्या शनिवारी तो दहा मिनिटांत मोडला, म्हणे.

मैत्रिणीकडे त्या दिवाळीच्या सुट्टीत गेल्या. पुढच्या भेटीला आल्या तेव्हा स्कूटी थेट माझ्या दारात लावली, हेल्मेट हातात.

"घरात घेतलं. मी दोन वाक्यं बोलले. ती काही बोलली नाही. चहा केला."

"मग?"

"चहात दोन चमचे साखर. चौदा वर्षं तिला माहितीये मी बिनसाखरेचा घेते." मग जरा थांबून, "मुद्दाम घातली असेल का हो?"

"प्यायलात का?"

"सगळा."

"मग पुन्हा जा. कळेल."

बाई हसल्या आणि पर्समधून वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या पंधरवड्यात चार नोंदी होत्या, आणि त्यातली एक अजून मधल्या सुट्टीचीच होती.